कठीण इंग्रजी शब्द: नुसता अर्थ पाठ करून का भागत नाही, आणि मग काय करायचं

‘युबिक्विटस’ म्हणजे सर्वव्यापी, असं वहीत लिहून पाठ केलेला विद्यार्थी निबंधात हमखास ‘गॉड इज युबिक्विटस’ असं लिहून येतो. व्याकरण बिनचूक, अर्थही कोशातलाच, तरी इंग्रजीत मुरलेल्या वाचकाला ते वाक्य खटकतं. देवासाठी इंग्रजीत रुळलेला शब्द ‘ओम्निप्रेझंट’ आहे. ‘युबिक्विटस’ म्हणतात ते मोबाइलला, प्लास्टिकच्या पिशव्यांना, सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना. आपण ‘जिथे बघावं तिथे’ म्हणतो तसं. विद्यार्थ्याने मेहनत घेतलेली असते. घोळ होतो तो पद्धतीत: डावीकडे इंग्रजी शब्द, मध्ये रेघ, उजवीकडे एकच मराठी शब्द, आणि रोज अशा पन्नास ओळींची घोकंपट्टी.

ज्यांना बारावीपर्यंतचं इंग्रजी बऱ्यापैकी येतं, पण इंग्रजी अग्रलेख, स्पर्धा परीक्षेतला उतारा किंवा कचेरीतलं लांबलचक पत्र वाचताना दर दोन ओळींनी ठेच लागते, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. रोज पाऊण तास काढता येईल असं धरलं आहे.

पहिली पायरी: आधी मोजा, मग शब्द निवडा

इंग्रजी वर्तमानपत्राच्या संपादकीयातले सलग शंभर शब्द मोजून घ्या आणि अनोळखी शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारा. दोन-तीन रेघा आल्या तर मजकूर तुमच्या पातळीचा आहे. पाचांहून जास्त आल्या तर तो मजकूर तूर्त बाजूला ठेवा. आजूबाजूचंच कळत नसेल तर नव्या शब्दाचा अंदाज बांधायला आधार उरत नाही.

भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडलेला हिशेब असा: मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असावेत म्हटलं, तर कादंबरी किंवा वर्तमानपत्रासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात. शब्दकुळ म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं मिळून एक. आकडा ऐकून धास्ती घेऊ नका, कारण सगळ्या शब्दांचं वजन सारखं नसतं. ढाक्यात अध्यापन केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे दोन हजार नित्याच्या शब्दांची यादी प्रसिद्ध केली. ते शब्द तुम्हाला बहुतेक येत असतात. त्याच्या पुढचा टप्पा म्हणजे न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये तयार केलेली ५७० शब्दकुळांची यादी. अभ्यासविषयक लेखनातला साधारण दहावा हिस्सा एवढ्याच शब्दांनी व्यापलेला असतो. ‘डिराइव्ह’, ‘अँबिग्युअस’, ‘इन्हेरंट’, ‘ऑलबीइट’, ‘नॉटविथस्टँडिंग’ हे त्यातलेच. आधी ही यादी संपवा. मगच ‘डिफेनेस्ट्रेट’, म्हणजे खिडकीबाहेर फेकून देणे, असल्या दिखाऊ शब्दांकडे बघा. तेही वेळ उरला तर.

यादीबाहेरचा शब्द घेण्यासाठी एकच नियम पुरतो. तो वाचनात वेगवेगळ्या दोन ठिकाणी भेटला पाहिजे. एकदाच दिसलेल्या शब्दाला नुसता नमस्कार करून पुढे जा.

दुसरी पायरी: कोश उघडण्याची रीत

इंग्रजी-इंग्रजी कोश आधी, मराठी नंतर. त्यातही शिकणाऱ्यांसाठी केलेला कोश घ्या. अशा कोशात अर्थ सोप्या शब्दांत असतो, उदाहरणाची वाक्यं असतात आणि शब्दापुढे बारीक खुणा असतात: ‘फॉर्मल’, ‘इन्फॉर्मल’, ‘डिसअप्रूव्हिंग’, ‘लिटररी’. नवखे लोक नेमक्या याच खुणा गाळतात. ‘डिसअप्रूव्हिंग’ अशी खूण असलेला शब्द कौतुकाच्या वाक्यात घातला की माणूस दुखावतो. असा शब्द नोकरीच्या अर्जात शिरला तर विचारायलाच नको.

इंग्रजी अर्थ कळल्यावर मराठी शब्द शोधायचाच, पण दोन किंवा तीन. एकाच शब्दावर थांबलात की ‘युबिक्विटस’सारखं होतं.

तिसरी पायरी: एक शब्द, एक कार्ड

वहीपेक्षा कार्ड बरं, कारण वहीत शब्दांचा क्रमच पाठ होतो. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा जाड कागद पुरे. एक कार्ड कसं भरायचं ते ‘मिटिगेट’ या शब्दावर पाहू.

पुढच्या बाजूला, जिथे शब्द सापडला तिथलं अख्खं वाक्य लिहा आणि त्या शब्दाखाली रेघ ओढा. समजा, बंधाऱ्यांमुळे दुष्काळाची झळ कमी झाली, अशा अर्थाचं वाक्य आहे.

मागच्या बाजूला पाच गोष्टी. पहिली, गाभा: तीव्रता कमी करणे, सौम्य करणे, लॅटिनमधल्या ‘मिटिस’ म्हणजे मवाळ या शब्दापासून आलेला. दुसरी, सोबत: कशाला मिटिगेट करतात? धोका, परिणाम, नुकसान, दुःख. माणसाला नाही. ‘आय मिटिगेटेड माय ब्रदर’ म्हणजे भावाला शांत केलं, असं होत नाही. तिसरी, इतर रूपं: ‘मिटिगेशन’, आणि ‘अनमिटिगेटेड डिझास्टर’, म्हणजे ज्यात दिलासा देणारं काहीच नाही असा सत्यानाश. चौथी, खास वापर: न्यायालयात ‘मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस’ म्हणजे शिक्षा सौम्य करायला कारण ठरणारी परिस्थिती, हवामानबदलाच्या चर्चेत ‘मिटिगेशन’ म्हणजे मुळात उत्सर्जन कमी करणं, तर बदललेल्या हवामानाशी जुळवून घेणं ते ‘ॲडॅप्टेशन’. पाचवी, तुमचं स्वतःचं वाक्य, तुमच्या घरातलं किंवा कामावरचं.

हे सगळं लिहायला पाच-सहा मिनिटं जातात. तेवढी जाऊ द्या. तोच शब्द दहादा घोकण्यात जाणाऱ्या वेळापेक्षा ती कमीच असतात.

सोबतीचा मुद्दा मराठी माणसाला नवा वाटू नये. आपण चहा पितो किंवा घेतो, मार खातो, शपथ घेतो, खातो आणि वाहतोसुद्धा, धीर धरतो, निष्ठा बाळगतो. ‘निष्ठा करतो’ म्हणणारा परका लगेच ओळखू येतो. इंग्रजीतही निष्ठेसाठी, म्हणजे ‘अलीजन्स’साठी, ‘बेअर’ किंवा ‘प्लेज’ लागतं. मंत्र्यांच्या शपथेतलं ‘खरी श्रद्धा व निष्ठा बाळगीन’ हे इंग्रजी मसुद्यात ‘बेअर ट्रू फेथ अँड अलीजन्स’ असं आहे. शब्द एकटा पाठ झाला की त्याचं क्रियापद हरवतं, आणि लिहायची वेळ आली की हात थबकतो.

चौथी पायरी: घरात असलेलं द्विभाषिक पुस्तक

दोन भाषांतला एकच मजकूर शेजारी ठेवून वाचणं, यासारखा स्वस्त आणि खात्रीचा अभ्यास नाही. त्यासाठी कुठे जायला नको. संविधानाची उद्देशिका बालभारतीच्या पाठ्यपुस्तकात सुरुवातीलाच छापलेली असते. मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांची पुस्तकं मिळवा आणि ओळीला ओळ लावा.

‘सॉलमली रिझॉल्व्ड’ म्हणजे संकल्पपूर्वक निर्धार करून. ‘सॉव्हरिन’ म्हणजे सार्वभौम. ‘अडॉप्ट, एनॅक्ट’ म्हणजे अंगीकृत आणि अधिनियमित. ‘सिक्युअर’ म्हणजे ‘सुरक्षित’ एवढंच माहीत असेल तर इथे अडाल, कारण मराठीत त्या जागी ‘निश्चितपणे प्राप्त करून देण्याचा’ असं आहे. बँकेतलं सिक्युअर्ड लोन आणि नागरिकांना सिक्युअर केलेला न्याय, या दोन्हींत ‘हातचं जाऊ नये अशी तजवीज’ हा एकच गाभा आहे.

आता ‘इंटेग्रिटी’ घ्या. उद्देशिकेत ती राष्ट्राची एकात्मता आहे. चारित्र्याच्या दाखल्यावर ती सचोटी असते. संगणकाच्या कामात ‘डेटा इंटेग्रिटी’ म्हणजे माहिती अर्धवट किंवा बिघडलेली नसणं. हे तीन अर्थ वेगवेगळे पाठ करायची गरज नाही. गणितात पूर्णांकाला ‘इंटीजर’ म्हणतात, तोच हा शब्द: जे तुटलेलं नाही, अखंड आहे ते. देश अखंड म्हणजे एकात्म. माणूस अखंड म्हणजे आत-बाहेर एक, सचोटीचा. माहिती अखंड म्हणजे शाबूत. अर्थाचा असा एक खुंटा हाती आला की पुढचे वापर त्यालाच अडकवता येतात.

उद्देशिकेनंतर राज्याचे अधिनियम घ्या. तेही दोन्ही भाषांत मिळतात. ‘नॉटविथस्टँडिंग एनीथिंग कंटेन्ड’ याला तिथे ‘काहीही अंतर्भूत असले तरी’ असा ठरलेला मराठी साचा आहे. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांचा यात दुहेरी लाभ आहे.

पाचवी पायरी: धातू आणि उपसर्ग

शाळेत संस्कृत घेतलेल्यांना ‘हृ’ धातू आठवत असेल. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, उपहार: धातू एकच, उपसर्ग बदलला की अर्थ कुठल्या कुठे जातो. इंग्रजीतले कठीण शब्द बहुतांशी लॅटिनमधून असेच घडलेले आहेत, आणि आपल्याला ही रीत आधीपासून माहीत आहे, ही मोठी जमेची बाजू आहे.

‘स्पेक्ट’ म्हणजे पाहणं; संस्कृतातल्या ‘पश्यति’चा ‘पश्’ याच कुळातला. ‘रेट्रोस्पेक्ट’ म्हणजे मागे वळून पाहणं, आपलं सिंहावलोकन. ‘इंट्रोस्पेक्शन’ म्हणजे आत पाहणं, आत्मपरीक्षण. ‘सर्कमस्पेक्ट’ म्हणजे चहूबाजूंनी पाहून पाऊल टाकणारा, सावध. हाच धातू कधी ‘स्पिक’ असा येतो: ‘कॉन्स्पिक्युअस’ म्हणजे नजरेत भरणारा, ‘डेस्पिकेबल’ म्हणजे ज्याच्याकडे तुच्छतेनेच पाहावं असा.

‘लोक्व’ किंवा ‘लोक्यू’ म्हणजे बोलणं: ‘इलोक्वंट’ वाक्पटू, ‘लोक्वेशस’ बडबड्या, ‘सोलिलोक्वी’ स्वगत, ‘सर्कमलोक्यूशन’ आडवळणाचं बोलणं.

थेट नात्यातले शब्दही पुष्कळ आहेत. अग्नि आणि ‘इग्नाइट’. स्वप्न आणि ‘इन्सोम्निया’. भ्रातृ आणि उद्देशिकेतली ‘फ्रॅटर्निटी’. ‘सब्जुगेट’ म्हणजे अंकित करणे. त्यातलं ‘जुग’ आणि बैलाच्या मानेवरचं आपलं ‘जू’ एकाच मुळाचे. मानेवर जू ठेवलं की झालं सब्जुगेट. हा शब्द पुन्हा विसरणं कठीण आहे.

मात्र धातूने अर्थ ठरवायचा नाही. धातूने अंदाज करायचा आणि कोशात पडताळायचा. ‘इन’ हा उपसर्ग फार फसवतो. तो कधी ‘नाही’ सांगतो, कधी ‘आत’. ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारं नव्हे. महामार्गावरच्या टँकरच्या मागे तो शब्द असतो आणि त्याचा अर्थ चटकन पेट घेणारं असा आहे. ‘इन्फेमस’ म्हणजे अप्रसिद्ध नव्हे, कुप्रसिद्ध. ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे बिनमोलाचं, पण टाकाऊ या अर्थी नव्हे; आपल्या ‘अमूल्य’ शब्दात ‘अ’ जे करतो तेच तिथे ‘इन’ करतो.

सहावी पायरी: शब्दाचं वजन

मराठीत काटकसरी, चिक्कू आणि कवडीचुंबक हे तिघेही पैसे कमीच खर्च करतात. तरी सासऱ्यांची ओळख करून देताना आपण पहिलाच शब्द वापरतो. इंग्रजीतही ‘थ्रिफ्टी’ आणि ‘फ्रुगल’ कौतुकाचे, ‘स्टिंजी’ नावं ठेवणारा, ‘पार्सिमोनियस’ पुस्तकी आणि बोचरा. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात अधिक, उणे किंवा शून्य अशी खूण करा. या एका खुणेने निम्म्या चुका टळतात.

रागाचे शब्द घ्या. अन्याय पाहून येणारी चीड म्हणजे ‘इंडिग्नेशन’. मनात धरून ठेवलेली अढी म्हणजे ‘रिझेंटमेंट’. पुन्हापुन्हा तेच झाल्यावर येणारा वैताग म्हणजे ‘एक्झास्परेशन’. स्वभावानेच शीघ्रकोपी तो ‘इरॅसिबल’. काही केल्या ज्याचं वैर शमत नाही तो ‘इंप्लॅकेबल’. गाल फुगवून बसणं म्हणजे ‘सल्क’. या सगळ्यांपुढे ‘राग’ असं एकच लिहिणारा माणूस मराठीलाही न्याय देत नाही. चीड, अढी, वैताग, रुसवा हे शब्द आपल्याकडे आहेत, ते वापरा.

इथे एक काळजी घ्यायची. जवळच्या अर्थाचे शब्द एकाच दिवशी नव्याने शिकू नका. सगळेच नवे असले की ते एकमेकांत मिसळतात. वेगवेगळ्या आठवड्यांत एकेक ओळखीचा झाल्यावर मग त्यांना शेजारी बसवून तुलना करा. सारख्या दिसणाऱ्या जोड्यांनाही हाच नियम लागू: ‘इमिनंट’ म्हणजे येऊन ठेपलेलं आणि ‘एमिनंट’ म्हणजे नामांकित, ‘प्रिस्क्राइब’ म्हणजे विहित करणे आणि ‘प्रोस्क्राइब’ म्हणजे बंदी घालणे, ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे निःपक्ष आणि ‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याला रस नाही असा. जोडीतला एक शब्द पक्का होईपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका.

काही शब्द तर एकटेच उलटसुलट असतात. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी, आणि देशांवर लादले जातात ते निर्बंधही. ‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेख, आणि नजरचूकही. सभागृहात ‘टेबल’ करणे म्हणजे आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये पटलावर ठेवणं, तर अमेरिकेत चर्चा लांबणीवर टाकणं. यांच्या प्रत्येक अर्थासाठी वेगळं कार्ड करा.

परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जीआरई परीक्षेने २०११ मध्ये विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्यांतलं नातं ओळखण्याचे (ॲनालॉजी) सुटे प्रश्न काढून टाकले. तेव्हापासून शब्द विचारतात ते वाक्यातल्या गाळलेल्या जागेतच. त्यामुळे परदेशी शिक्षणासाठी तयारी करणाऱ्याला वजन आणि सोबत यांच्याकडे पाठ फिरवून चालतच नाही.

सातवी पायरी: उच्चार आणि शब्दयोगी अव्यय

कोशातला ध्वनिमुद्रित उच्चार ऐकल्याशिवाय कार्ड पुरं झालं असं समजू नका. ‘एपिटोम’ नव्हे, इपिटमी. ‘हायपर्बोल’ नव्हे, हायपर्बली. ‘इंडिक्ट’ नव्हे, इंडाइट. त्यातला सी मुका. ‘सटल’मधला बी मुका. कार्डावर उच्चार देवनागरीत लिहा, पण स्पेलिंगही शेजारी हवंच. नुसत्या देवनागरीवर विसंबलं की मुकी अक्षरं लेखनातूनही गळतात. शब्दाच्या कुठल्या अवयवावर, म्हणजे उच्चाराच्या तुकड्यावर, जोर येतो त्यावर टिंब द्या: ‘इकॉनमी’त तो कॉ-वर, ‘इकनॉमिक’मध्ये नॉ-वर. मराठीत आपण अक्षरं बहुतेक सारख्याच जोराने उच्चारतो, म्हणून ही खूण आपल्याला जास्त लागते.

दुसरी अडचण मराठीतूनच येते. आपण एखाद्या गोष्टी‘बद्दल’ चर्चा करतो, एखाद्या गोष्टी‘वर’ भर देतो. म्हणून हात आपोआप ‘डिस्कस अबाउट’, ‘एम्फसाइज ऑन’ असं लिहितो. दोन्ही चूक. या शब्दांत क्रियापद असेल तर मधे काही येत नाही, नाम असेल तर येतं: ‘डिस्कशन अबाउट’, ‘एम्फसिस ऑन’ बरोबर. ‘रिक्वेस्ट’चंही तसंच: क्रियापदाला ‘फॉर’ नको, नामाला हवं. कार्डावर नाम आणि क्रियापद दोन्ही आपापल्या अव्ययासकट लिहा.

आठवी पायरी: उजळणीचा हिशेब

जर्मनीतले हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरं पाठ करून ती किती लवकर विसरतात ते त्यांनी मोजलं. विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वांत जास्त असतो, असं त्यांना दिसलं. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी. त्यानंतर तिसऱ्या, सातव्या, एकविसाव्या आणि साठाव्या दिवशी.

यासाठी पाच कप्प्यांचा खोका करा. चपलांच्या खोक्यात पुठ्ठे उभे केले तरी चालतं. ही रीत १९७० च्या दशकात सेबास्टियन लाइटनर यांनी रूढ केली. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. आठवलं तर पुढच्या कप्प्यात जातं, नाही आठवलं तर कुठल्याही कप्प्यातून परत पहिल्यात. मोबाइलवर अंकी हे ॲप हेच काम करतं, पण दुसऱ्यांनी बनवलेले आयते संच त्यात भरू नका. वाक्य तुम्ही वाचलेलं नसेल तर ते कार्ड म्हणजे पुन्हा यादीच.

रोज सहा नवे शब्द, आठवड्यातून पाच दिवस. प्रत्येकाच्या पाच उजळण्या धरल्या तर घडी बसल्यावर दिवसाला साधारण तीस कार्डं पाहावी लागतात. एका कार्डाला वीस सेकंद, म्हणजे दहा मिनिटं. वर्षाचे अठ्ठेचाळीस आठवडे धरले तर चौदाशे चाळीस शब्द होतात. उत्साहाच्या भरात रोज वीस घेतले तर उजळणीच रोज शंभर कार्डांची होते, त्यात नापास झालेली वेगळी, आणि तिसऱ्या आठवड्यात खोका माळ्यावर जातो. आजारपण किंवा गणपतीत खंड पडला तर नवी कार्डं थांबवा, उजळणी तेवढी चालू ठेवा.

कार्ड उलटण्याआधी अर्थ मोठ्याने म्हणा. न म्हणता उलटलं की ‘हो, माहीत होतं’ असं वाटतं, पण ती नुसती ओळख असते, आठवण नसते. चौथ्या कप्प्यापासून उलट बाजूने विचारा: मराठी अर्थ पाहून इंग्रजी शब्द आणि त्याची सोबत सांगायची. वाचण्यापुरता आलेला शब्द लिहिताना येईलच असं नाही. ती दुसरी पायरी स्वतंत्रपणे चढावी लागते.

आठवड्यातून एकदा त्या आठवड्यातले चार शब्द घेऊन दीडशे शब्दांचा परिच्छेद लिहा. चारच, जास्त कोंबले की मजकूर कृत्रिम होतो. मग प्रत्येक शब्द आणि त्याचा शेजारी अवतरणचिन्हांत घालून इंटरनेटवर शोधा. नावाजलेल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत तशी जोडी आढळली तर ठेवा, नाही तर कार्डावर दुरुस्ती करा.

एखादं कार्ड चार वेळा घसरून पहिल्या कप्प्यात आलं तर पाचव्यांदा घोकू नका. बहुतेक वेळा वाक्य अवघड असतं, किंवा एका कार्डावर दोन अर्थ दाटीवाटीने बसवलेले असतात. ते कार्ड फाडून टाका. तो शब्द खरोखर उपयोगाचा असेल तर महिन्याभरात वाचनात पुन्हा भेटेल. तेव्हाचं वाक्य घेऊन नवं कार्ड करा.